गुटीतला मोती

ओहोटी पुरती लागली तशी शेवंतीनं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, मितेशचे जुने मोजे पायांत चढवले आणि ती कोपरच्या खाडीत उतरली. डोक्यावर चैत्राचं ऊन आणि खाली मांडीपर्यंत थंडगार गाळ. गाळाला हल्ली केमिकलचा वास यायचा, घरी गेल्यावर गुडघ्याखाली खाज सुटायची, आणि पूर्वी पाटी भरून निघणाऱ्या शिवल्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या, आता पाटीच्या तळाशीच राहायच्या. पण शिवल्या डोळ्यांनी नाही, तळपायांनी शोधायच्या असतात, आणि शेवंतीचे तळपाय अजून म्हातारे झाले नव्हते.

बरोबर शेजारची ठमाबाई होती. तिचे हात गाळात चालायचे त्याच्या दुप्पट तिचं तोंड चालायचं.

"तुझे सुनंला कितवा लागला गो?"

"पाचवा."

"यंदा तरी टिकू दे बाय. दोनदा झाला ना तिचा तसा."

रुपालीचा गर्भ दोनदा पडला होता, हे कोपरच्या गावठाणात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ते असं खाडीच्या मध्यात उभं राहून मोठ्यानं बोलायचं काही कारण नव्हतं. शेवंती दोन पावलं पुढं सरकली आणि टाचेखाली काहीतरी मोठं लागलं. वाकून, हात खांद्यापर्यंत गाळात घालून तिनं ते ओढून काढलं. तळहाताएवढी जुनी शिंपली होती, वर दगडासारखी पुटं चढलेली. अशी शिंपली तिनं लहानपणानंतर पाहिली नव्हती. कालवणात एकटीच पुरेल, असं मनाशी म्हणत तिनं ती पाटीत टाकली.

दुपारी ओट्यावर विळी मांडून ती शिवल्या चिरायला बसली. नवरा दगडू भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसला होता. त्याची उभी हयात मिठागरात गेली. मिठागर शेठचं, मीठ व्यापाऱ्याचं; दगडूच्या वाट्याला तेवढ्या पायांच्या भेगा आल्या. भाऊबंदांच्या भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या दारात गाड्या आल्या, गळ्यात साखळ्या आल्या. मिठागराच्या गाळावर कोण इमारत बांधणार? दगडू याबद्दल कधी कुरकुरायचा नाही. कुरकुरून भेगा बुजत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

मोठी शिंपली विळीवर धरली तर पातं आत जाईना. शेवंतीनं जोर लावला. करकन आवाज झाला, शिंपली उघडली आणि काहीतरी टणकन ताटात पडून गोल फिरलं.

मोती होता. बोराच्या बीपेक्षा मोठा, पुरता गोल, सायीच्या रंगाचा आणि उजेडात धरला की गुलाबी दिसणारा. शेवंतीनं तो लुगड्याच्या पदराला पुसला, पुन्हा पाहिला आणि आत हाक मारली.

"रुपाली, ये गो जरा भायेर."

रुपाली कंबरेवर हात ठेवत बाहेर आली. ती खडवलीची, बारावी झालेली, गावातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. तिनं मोती तळहातावर घेतला, हसली आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, पोटाला लावला.

संध्याकाळी मितेश आला. तो एका सोसायटीत पाण्याचे पंप आणि लिफ्ट सांभाळायचा. त्यानं मोती मोबाईलच्या टॉर्चपुढं धरला.

"आई, कोणाला तरी दाखवूया का? असले मोती लय महाग असतात. मी बघितलेलं मोबाईलवर."

त्यावर दगडू खो खो हसला. त्याची ती ठरलेली गोष्ट होती, साऱ्या गावानं ऐकलेली. "मी पन गेलतू ना एकदा, लगीन झाल्यावर. खाडीन मिलालेला मोती घेऊन कल्यानला सोनाराकडं. त्यानी हातान पन नाय घेतला. चष्म्यावरून बघितला आन बोलला," इथं दगडू सोनाराचा आवाज काढायचा, "'खाडीचा खडा आहे हा, पोरांना उगाळून घाला जा.' सगला दुकान हसला. मी पन हसलू."

"तो मोहरीएवढा असेल, बाबा. हा बघा केवढा आहे."

"मोठा खडा झाला म्हनून काय हिरा होतंय?"

शेवंतीनं मितेशच्या हातातून मोती काढून घेतला. "कोनाला नाय दाखवायचा. घरान पोटुशी बाई असताना आलेला मोती पोराचा असतंय. गुटीचा मोती तो. इकला तर पोराला बाधल."

हे तिनं मनानं काढलेलं नव्हतं. त्यांच्यात तशी रीतच होती. शेवंतीच्या सासूच्या गुटीच्या डबीत असाच मोती होता, मोहरीएवढा. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग यांच्याबरोबर तो सहाणेवर उगाळून घरातल्या साऱ्या पोरांना चाटवला गेला आणि मितेशच्या वेळी झिजून संपला. तेव्हापासून डबीत मोत्याची जागा रिकामी होती. आता नातवंड यायच्या आधीच खाडीनं त्याची वस्तू घरपोच पाठवली होती, आणि ती बाजारात न्यायची? शेवंतीनं मोती पितळी डबीत टाकला, डबी देवामागं ठेवली. जेवताना ती मोठी शिंपली रुपालीच्या ताटात वाढली गेली.

नारळी पौर्णिमेच्या आसपास रुपाली बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाला नाव ठेवलं समृद्धी, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची समू झाली. एवढीशी, काळ्याभोर जावळाची, आणि रडली की ओठांच्या कडा निळ्या पडायच्या. ठमाबाई म्हणाली, थंडी लागते. शेवंतीलाही तसंच वाटलं. वाटून घेतलं म्हणा.

रोज सकाळी अंघोळ झाली की शेवंती न्हाणीच्या दाराशी सहाण घेऊन बसायची. वाटीत रुपालीचं दूध. हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धा, आणि शेवटी मोत्याचे दोन. वेढा म्हणजे सहाणेवर एक पुरती फेरी. मोती दगडावर फिरला की दुधात पांढरी धूळ उतरायची. ती बोटावर घेऊन समूच्या तोंडात घालायची.

"आई, डॉक्टरांनी वरचं काही देऊ नका सांगितलंय," रुपाली पहिल्या दिवशी म्हणाली.

"ह्या वरचा नाय गो. ह्या आपला हाय."

रुपालीनं समूला सासूच्या मांडीवर दिलं. तिला ते पटलं होतं की तिनं सासूचं मन राखलं, हे शेवंतीला तेव्हा कळलं नाही. पुढं मात्र तिनं या गोष्टीचा फार विचार केला. समू वेखंडाला तोंड वेडंवाकडं करायची आणि मोत्याचं बोट आलं की चुटूचुटू ओढायची. इतकीशी ओढ, पण शेवंतीच्या खांद्यापर्यंत पोचायची.

दूध पिताना समू दमायला लागली. चार घोट घेऊन घामाघूम व्हायची. तेव्हा तिला ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. काळजाला भोक होतं. डॉक्टर चांगले होते, हळू बोलले. मुंबईला मोठ्या खासगी हॉस्पिटलात गेलात तर एवढ्या लहान बाळाचंही ऑपरेशन लगेच करतात, म्हणाले. आणि तिथला खर्च किती, तेही बोलले. मितेशनं आकडा ऐकून नुसती मान हलवली, जणू भाजीचा भाव ऐकला. मग धर्मादाय हॉस्पिटलचं निघालं. तिथं नंबर लागेल, पण आधी बाळाचं वजन वाढायला हवं.

मितेश भाऊबंदांच्या दारांत जाऊन आला. सगळ्यांनी चहा पाजला. एका चुलत्यानं तर समूसाठी सोन्याचं पाणी दिलेला वाळा दिला आणि देवावर भरवसा ठेव म्हणाला. मितेश परत आला तो वाळा मुठीत धरून. त्या रात्री तो जेवला नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही.

राहता राहिलं वजन. डॉक्टर म्हणतात वजन पाहिजे. वजन म्हणजे ताकद, आणि ताकद मोत्यात असते हे तर शेवंतीला तिच्या सासूनं सांगितलेलं. तिनं दोनाचे चार वेढे केले. मग सहा. वाण्याच्या काट्यावर दुपट्यात गुंडाळून समूला ठेवायचे आणि सगळे श्वास धरून काट्याकडं बघायचे. काटा हलला नाही की दुसऱ्या दिवशी शेवंती आणखी दोन वेढे घ्यायची. मोत्याला एका बाजूनं सपाटी आली. ती बाजू फार झिजली म्हणून तिनं दुसरी बाजू धरली. गणपती गेले, नवरात्र गेलं. सहाणेला मधोमध गुळगुळीत खळगा पडला. मोत्याची गोलाई गेली, लकाकी गेली, आणि तो तिच्या बोटांत धरायला पुरेना झाला तेव्हा ती नखांनी धरून उगाळायला लागली. नखं झिजून बोटांची टोकं हुळहुळायची. तिला त्याचं सुखच वाटायचं.

दिवाळीत मितेशनं समूला उचलून ओट्यावरच्या पणत्या दाखवल्या. ती बघत राहिली. रडली नाही, की दमली नाही. त्या दिवशी घरातले सगळे उगीच मोठमोठ्यानं बोलत होते.

दिवाळीनंतर एका सकाळी अंघोळ झाली, रुपाली लंगोट वाळत घालायला मागच्या दारी गेली, आणि शेवंती समूला मांडीवर घेऊन गुटी चाटवायला बसली. हळदीचं बोट झालं. वेखंडाचं झालं. मोत्याचं बोट समूनं धरलं, ओढलं, पुन्हा ओढलं. मग ओढ थांबली. शेवंतीनं बोट तसंच ठेवलं. झोपली असेल. पोरं खाता खाता झोपतात. बाहेर दोरीवर लंगोट झटकल्याचा आवाज येत होता, तो येत राहावा, थांबू नये, एवढंच तिच्या मनात होतं. तो थांबला. रुपाली दारात आली आणि सासूच्या तोंडाकडं बघून तिथंच खाली बसली.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. खाडीच्या काठाला, भरतीचं पाणी पोचत नाही अशा उंचवट्यावर दगडूनं स्वतः खड्डा खणला. मिठागरात फावडं धरलेले हात ते. पण त्या दिवशी त्याला कडा सरळ काढता येईनात. तोंडात तुळशीचं पान ठेवलं. घरी आल्यावर शेवंतीला आठवलं, मोती ठेवायचा राहिला. तो डबीतच होता, आता चण्याच्या डाळीएवढा.

रुपालीला दूध यायचं थांबेना. पोलकं भिजायचं. शेवंतीनं बाजारातून मोगऱ्याची फुलं आणली आणि दूध सुकावं म्हणून तिच्या छातीला बांधली. बांधताना दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. फुलं दुसऱ्या दिवशी पिवळी पडली, मग नवी बांधली. रुपाली रडली असती, ओरडली असती, खाडीतलं काय पाजलंत माझ्या पोरीला असं विचारलं असतं, तर शेवंतीला बरं वाटलं असतं. मग तिचा भाऊ आला आणि तिला खडवलीला घेऊन गेला. ती मितेशचा फोन उचलायची, दोन शब्द बोलायची. शेवंतीला बोलवायची नाही.

"ती नाय येत आता," शेवंती दगडूला म्हणाली. "माझे बोटावर गेली तिची पोर. कशी येल?"

पौष लागला आणि शेवंतीच्या मनानं घेतलं की उरलेला मोती सोन्यात बसवून रुपालीच्या गळ्यात घालायचा. समूच्या जिभेला लागलेली तेवढीच एक वस्तू उरली होती. हातात काही घेऊन गेलं तर सून निदान दार उघडेल. तिनं कानातली सोन्याची एक फुली काढून मितेशच्या हातावर ठेवली. कल्याणचं नाव नको होतं, म्हणून मितेश तिला ठाण्याला घेऊन गेला. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत एक जुना सोनार होता, सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलेला.

सोनार पिकल्या केसांचा होता. त्यानं डबीतला तुकडा कागदावर घेतला. आधी सहज पाहिला. मग भिंग डोळ्याला लावलं, आणि बराच वेळ काढलं नाही.

"हा कुठं मिळाला, ताई?"

"खाडीन. शिंपलीन."

"केवढा होता?"

शेवंतीनं चिमटीनं दाखवलं. सोनारानं मितेशकडं बघितलं. मितेशनं मान हलवली. "एवढा होता. गोल."

"रंग?"

"सायीसारखा," शेवंती म्हणाली. "वर गुलाबी."

सोनारानं भिंग खाली ठेवलं. "हे बघा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, हा खरा मोती. पाळलेल्या शिंपल्यातला नाही. एवढा, गोल, गुलाबी झाकेचा! माझे वडील आयुष्यात एकदा पाहिल्याचं सांगायचे. मी आज पहिल्यांदा हातात धरतोय, आणि तो असा." त्यानं तुकडा बोटानं उलटवला. "कुणी घासला?"

"पोरीला गुटी दिली," शेवंती म्हणाली. "नातीला."

"अहो ताई, अख्खा असता तर परदेशातून माणसं आली असती बघायला. त्यात तुम्ही..." सोनार थांबला. समोरच्या दोघांचे चेहरे बघून त्याच्या लक्षात काहीतरी आलं असावं. "मुलगी कशी आहे आता?"

मितेशनं तुकडा उचलून डबीत टाकला, डबीचं झाकण लावलं, ते नीट बसेना म्हणून पुन्हा लावलं. दैव देतं आणि कर्म नेतं, असं आपण सहज बोलून जातो. पण कर्म नेतं तेव्हा ते असं स्वतःच्या हातांनी, रोज सकाळी, मायेनं, थोडं थोडं उगाळून नेतं, हे सांगायला कुणी येत नाही.

डोंबिवलीच्या बसमध्ये मितेश खिडकीकडं तोंड करून बसला. मानपाडा आला. मग म्हणाला, "मी म्हणालेलो, आई. दाखवूया म्हणालेलो."

"हो रे."

"लगेच ऑपरेशन झालं असतं. डॉक्टर बोललेला लगेच करतात."

"हो."

तिच्या 'हो'नं त्याला आणखीच राग आला. तो पुढच्या सीटचा दांडा धरून रडला, तोंड मिटून, खांदे हलवत. कंडक्टर तिकिटाला आला तो तसाच पुढं गेला. शेवंतीनं लेकाच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि परत मांडीवर ठेवला.

"रुपालीला काय सांगू मी?" उतरताना त्यानं विचारलं.

"तू नको. मी सांगन. माझे तोंडानी सांगन, मग ती मना काय पन बोलू दे. नाय आली तर नाय आली."

दगडूला सांगितलं तेव्हा तो उठून ओट्याच्या टोकाला जाऊन बसला. पायाच्या भेगांवरून अंगठा फिरवत राहिला. "मना हसलेला तो सोनार," एवढंच म्हणाला. ती गोष्ट त्यानं पुन्हा कधी कुणाला सांगितली नाही.

पुढच्या रविवारी मायलेक खडवलीला गेले. रुपालीच्या आईनं पाणी दिलं, चहा दिला आणि उगीच काम काढून आत गेली. रुपाली पडवीत सुपात वालाच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. गळ्याची हाडं वर आली होती. तिनं सासूला बघून पदर सावरला आणि बसायला गोणपाट सरकवलं. मितेश पायरीवरच थांबला.

शेवंतीनं डबी कनवटीतून काढून समोर ठेवली. वाटेत तिनं सगळे शब्द जुळवून ठेवले होते. "पोरी, मना तुना एक सांगायचा हाय."

"आधी मी सांगते, आई." रुपालीनं डबी उचलून उघडली, आतला तुकडा बघितला आणि झाकण न लावताच मांडीवर ठेवली. "तुम्हाला वाटत असेल मी रागावलेय. फोनवर तुम्हाला बोलवलं नाही. मला तोंडच नव्हतं, आई."

"तुना कसला गो?"

"ठाण्याच्या हॉस्पिटलात त्या दिवशी नर्सनं मला बाजूला घेतलेलं. म्हणालेली, ऑपरेशन नाही झालं तर महिनाभर पण काढणार नाही ही. मी कोणालाच सांगितलं नाही. ह्यांना पण नाही. सांगून काय करणार होतो आपण? होतं काय आपल्याकडं?" ती शेंग सोलत राहिली, दाणे सुपात पडत राहिले. "पण तिनं गणपती बघितले. दिवाळीचे दिवे बघितले. कशानं? मी सगळं बघायची ना, तुम्ही नखं झिजेपर्यंत उगाळायच्या. मी इथं आईला सांगते, माझ्या सासूनं खाडीचा अख्खा मोती झिजवला माझ्या पोरीसाठी. कोण झिजवतं? तेवढे दिवस तुम्ही दिलेत मला. नाहीतर मी वेडी झाले असते."

शेवंतीच्या तोंडात सगळे शब्द होते. एकही बाहेर येईना. पायरीवर मितेश उभा होता. त्यानं आईकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि तो समोरच्या जांभळाकडं तोंड करून उभा राहिला.

रुपालीनं तुकडा बोटावर घेऊन एकदा ओठांना लावला आणि परत डबीत ठेवला. झाकण घट्ट दाबलं. "सोन्यात नको बसवायला. ह्यांनी फोनवर सांगितलेलं, सोनाराकडं जाणार म्हणून. असाच ठेवा डबीत. पुढच्याला लागेल." मग एकदम आठवल्यासारखं तिनं विचारलं, "आणि काय म्हणाला हो सोनार?"

समोर सून, तिच्या हातात डबी. तिच्याकडं एवढा एकच आधार उरलेला होता, खरं सांगितलं तर तोही जाणार होता.

"कय नाय गो," शेवंती म्हणाली. "खाडीचा खडा हाय, बोलला. पोरांना उगालून घाला."

रुपाली हसली. समू गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. "बाबांना सांगा हं, ह्या सोनारानं पण तेच सांगितलं म्हणून," म्हणाली, आणि डबी पदरात घेऊन बॅग भरायला आत गेली.

मितेश पायरीवरून वर आला. आईच्या शेजारी गोणपाटावर बसला, खांद्याला खांदा लागेल असा. शेवंतीनं सूप पुढं ओढलं आणि उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या.